८८ वर्षं न वापरलेला अधिकार

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही भारतातली पहिली आधुनिक विद्यापीठं १८५७ साली स्थापन झाली, हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं असतं. ते चूक नाही. पण त्याच्या ३० वर्षं आधी हुगळीच्या काठावरच्या एका लहानशा ख्रिस्ती कॉलेजाला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला होता आणि तो इंग्रजांनी दिलेला नव्हता. डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याची ती सनद होती, तारीख २३ फेब्रुवारी १८२७. डॅनिश राजाच्या अमलाखाली तोवर कोपनहेगन आणि कील अशी दोन विद्यापीठं होती. सनद हाती पडली आणि बंगालमधलं सेरामपूर त्यांच्या पंगतीला जाऊन बसलं. खुद्द लंडन विद्यापीठाला असा अधिकार मिळायला १८३६ साल उजाडावं लागलं.

यापुढचा भाग जास्त चमत्कारिक आहे. या सनदेखाली पहिली पदवी दिली गेली ती १९१५ साली. मधली ८८ वर्षं अधिकार होता, इमारत होती, बराच काळ विद्यार्थीही होते. पदवी मात्र एकालाही दिली नाही. कोणी बंदी घातली नव्हती आणि सनद रद्दही झाली नव्हती.

विद्यापीठ नेमकं कशानं होतं, या प्रश्नाचं उत्तर मोठमोठ्या विद्यापीठांच्या इतिहासात सहजी सापडत नाही, कारण तिथे सरकार, पैसा, इमारती, विद्यार्थी हे सगळं एकदमच आलेलं असतं. सेरामपूरमध्ये या गोष्टी एकेक करून, वेगवेगळ्या काळात आल्या. त्यामुळे कशाचं वजन किती, ते तिथे स्वच्छ दिसतं.

डॅनिश झेंड्याखालचं गाव

कलकत्त्याच्या उत्तरेला सुमारे २५ किलोमीटरवर, बराकपूरच्या समोर, हुगळीच्या पश्चिम तीरावर हे गाव आहे. बंगाली माणूस त्याला श्रीरामपूर म्हणतो. आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या श्रीरामपूरशी त्याचा काही संबंध नाही. डॅनिश व्यापाऱ्यांनी १७५५ मध्ये इथे वखार घातली आणि राजाच्या नावावरून गावाला फ्रेडरिक्सनगर म्हणायला सुरुवात केली.

ईस्ट इंडिया कंपनीला त्या काळात आपल्या मुलखात मिशनरी नको होते. लोकांच्या धर्मात हात घातला तर व्यापार आणि राज्य दोन्ही धोक्यात येईल, ही तिची भीती. मिशनरी विल्यम केरी १७९३ साली बंगालमध्ये आला तो म्हणूनच काही वर्षं निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापक होता. १७९९ च्या अखेरीस त्याचे नवे सहकारी जहाजातून उतरले, तेव्हा कंपनीच्या हद्दीत राहणं अशक्य दिसू लागलं. सेरामपूरचा डॅनिश गव्हर्नर ओले बी यानं त्यांना आसरा दिला. १० जानेवारी १८०० रोजी केरीही तिथे येऊन दाखल झाला.

केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड हे पुढे ‘सेरामपूरचं त्रिकूट’ म्हणून ओळखले गेले. केरी मूळचा जोडे शिवणारा. लॅटिन, ग्रीक, हिब्रू तो स्वतःच्या स्वतः शिकला होता. मार्शमन शाळामास्तर, वॉर्ड छापखान्यातला माणूस. तिघांपैकी एकानंही विद्यापीठाची पायरी चढलेली नव्हती, आणि मनात आलं असतं तरी इंग्लंडमध्ये ते सोपं नव्हतं. ते बाप्टिस्ट होते, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य चर्चबाहेरचे. ऑक्सफर्डमध्ये प्रवेश घेतानाच त्या चर्चच्या ३९ कलमांवर सही करावी लागे. केंब्रिजमध्ये शिकता येई, पण सही केल्याशिवाय पदवी मिळत नसे. केरीला १८०७ मध्ये सन्माननीय डॉक्टरेट मिळाली ती अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाकडून, म्हणजे बाप्टिस्टांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या संस्थेकडून. ज्यांना धर्ममतामुळे विद्यापीठाचं दार बंद होतं, त्यांनी पुढे स्वतःच्या कॉलेजाचे नियम लिहिले, हे ध्यानात ठेवावं.

मराठीशी या माणसांचा संबंध चांगलाच जवळचा आहे. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवण्यासाठी कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज निघालं होतं. १८०१ पासून केरी तिथे बंगाली, संस्कृत आणि पुढे मराठीही शिकवू लागला. पंडित वैजनाथ शर्मा यांच्या मदतीनं त्यानं १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश सेरामपूरच्या छापखान्यात छापला. कोशातले मराठी शब्द मोडी लिपीत आहेत. वैजनाथांची ‘सिंहासनबत्तिशी’ आणि ‘हितोपदेश’ही याच छापखान्यातून बाहेर पडली. मराठी छपाईच्या इतिहासाची सुरुवातीची पानं अशी हुगळीकाठी लिहिली गेली. फोर्ट विल्यममध्ये केरीला महिना ५०० रुपये मिळत, पुढे १,००० झाले. आपल्या पोटापुरतं ठेवून बाकी सगळे तो तिघांच्या सामायिक तिजोरीत टाकी. मार्शमन पती-पत्नींच्या शाळा आणि वॉर्डचा छापखाना यांचं उत्पन्नही तिथेच जमा होई. कॉलेज उभं राहिलं ते मुख्यतः या पैशावर.

१८१८ चा अभ्यासक्रम

१८१८ साली कॉलेजाचं माहितीपत्रक निघालं. आशियातल्या ख्रिस्ती आणि इतर तरुणांना पौर्वात्य साहित्य आणि युरोपीय विज्ञान शिकवणारी संस्था, असं तिचं वर्णन त्यात होतं. पहिल्या खेपेला ३७ विद्यार्थी आले. त्यांतले १९ ख्रिस्ती होते, म्हणजे जेमतेम निम्मे.

धर्मोपदेशक तयार करणाऱ्या कॉलेजात संस्कृत हा मुख्य विषय कशासाठी? तिघांचा हिशेब असा होता: ख्रिस्ती उपदेशकाला गावातल्या पंडितासमोर उभं राहायचं असेल, तर पंडिताची पोथी त्याला मुळातून वाचता आली पाहिजे. ऐकीव माहितीवर दुसऱ्याच्या धर्माबद्दल बोलणाऱ्याला कोणी किंमत देत नाही. मागे धर्मप्रसाराचा हेतू होता, यात शंका नाही आणि त्यांनी तो लपवलाही नाही. पण त्या हेतूमुळेच परधर्माचा अभ्यास हा अभ्यासक्रमाचा कणा झाला. थिऑलॉजीच्या, म्हणजे धर्मविद्येच्या विद्यार्थ्याला इतर धर्म शिकावेच लागतात, ही तिथली रीत आजही चालू आहे.

शिकवण्याचं माध्यम बंगाली होतं. इंग्रजी निवडक विद्यार्थ्यांना, तीही आपल्या भाषेत पाया पक्का झाल्यावर. नवं ज्ञान देशात मुरायचं असेल तर ते देशी भाषेतून गेलं पाहिजे, हा केरी-मार्शमनचा आग्रह. त्यासाठी पुस्तकं नव्हती, म्हणून ती लिहून घेतली. १८२१ मध्ये स्कॉटलंडहून आलेला जॉन मॅक रसायनशास्त्र शिकवू लागला. त्याचं ‘किमिया विद्यार सार’ हे पुस्तक १८३४ मध्ये निघालं. बंगालीतलं रसायनशास्त्राचं ते पहिलं पुस्तक मानलं जातं. स्वतः केरी वनस्पतिशास्त्र शिकवी आणि त्याच्या बागेत विद्यार्थ्यांना झाडं प्रत्यक्ष पाहायला मिळत. भारतातली कृषी आणि उद्यानविद्या संस्था त्यानंच १८२० मध्ये कलकत्त्यात काढली.

विज्ञान शिकवण्यावरून देणगीदारांशी खटके उडाले. वॉर्ड निधी जमवायला इंग्लंड-अमेरिकेत हिंडला, तेव्हा काही अमेरिकन दात्यांनी अट घातली: आमचा पैसा उपदेशक घडवण्यावर खर्च करा, विज्ञानावर नको. वॉर्ड यावर चांगलाच वैतागला. उपदेशक व्हायचं म्हणून माणसानं पृथ्वी-ग्रहांची माहितीही करून घेऊ नये, हे त्याच्या डोक्यात बसेना. धार्मिक संस्थेनं धर्माबाहेरचं काय आणि किती शिकवावं, हा वाद जगभरच्या ख्रिस्ती कॉलेजांमध्ये आजही मिटलेला नाही.

दार कोणासाठी उघडं

विद्यापीठाचा अधिकार मिळवावा, ही खटपट मार्शमननं केली. १८२६ मध्ये तो युरोपला गेला, कोपनहेगनमध्ये राजाला भेटला आणि पुढच्या वर्षी सनद निघाली. तिच्या आधारानं कॉलेजानं आपले नियम तयार केले आणि १२ जून १८३३ रोजी त्यांच्यावर सह्या झाल्या.

हे नियम त्या काळाच्या संदर्भात वाचले की आश्चर्य वाटतं. प्रोटेस्टंट, रोमन कॅथलिक, ग्रीक, आर्मेनियन अशा कुठल्याही पंथाचा ख्रिस्ती विद्यार्थी घ्यायची मोकळीक होती. हिंदू आणि मुसलमान मुलांनाही प्रवेश होता. त्यांच्या खाण्यापिण्याच्या रीतीभातीमुळे त्यांना वसतिगृहात राहणं जमणार नाही, हे मान्य करून त्यांनी बाहेर राहून शिकावं, अशी सोय होती. जात, वर्ण किंवा देश या कारणावरून कोणालाही प्रवेश नाकारला जाणार नाही, हे तर स्वच्छ शब्दांत लिहिलेलं होतं. कोणाकडूनही, म्हणजे चालक, प्राध्यापक किंवा विद्यार्थी यांच्यापैकी कोणाकडूनही, शपथ घेतली जाणार नव्हती. लग्न झालं म्हणून कोणाचं पद जाणार नव्हतं. ऑक्सफर्डच्या फेलोंना मात्र त्या काळी लग्न केलं की फेलोशिप सोडावी लागे. ऑक्सफर्डमध्ये प्रवेशाच्या वेळची सही १८५४ मध्ये सुटली आणि उरलेले बहुतेक धार्मिक निर्बंध १८७१ च्या कायद्यानं गेले. सेरामपूरचा नियम त्याच्या कितीतरी आधीचा.

पण हे कॉलेज काही निधर्मी नव्हतं. कारभार पाहणाऱ्या काउन्सिलच्या सदस्यांनी आणि प्राध्यापकांनी ख्रिस्ताचं ईश्वरत्व आणि त्याच्या बलिदानानं होणारं तारण या दोन गोष्टींना विरोध करता कामा नये, अशी अट होती. म्हणजे घर चालवणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी श्रद्धेच्या विरोधात जाऊ नये, पण शिकायला येणाऱ्याची श्रद्धा विचारली जाऊ नये, अशी ही विभागणी. जगातली अनेक लहान ख्रिस्ती विद्यापीठं आजही याच दोन टोकांमध्ये आपली जागा शोधत असतात. कुठे विद्यार्थ्यांकडूनही श्रद्धेचा लेखी स्वीकार घेतात, कुठे प्राध्यापकांकडूनही घेत नाहीत.

जातीबद्दलचं कलम आकाशातून पडलेलं नव्हतं. २८ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल नावाच्या सुतारानं बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून या मिशननं एक गोष्ट ठरवून टाकली होती: प्रभुभोजनाच्या पंक्तीत जात चालणार नाही. दक्षिणेतल्या जुन्या मिशनांमध्ये ख्रिस्ती झाल्यावरही जातीप्रमाणे वेगळं बसणं खपवून घेतलं जात होतं. सेरामपूरनं ते नाकारलं. पंक्तीतला हा नियम तीन दशकांनी कॉलेजाच्या कलमांमध्ये आला.

मुलींना मात्र या दारातून प्रवेश नव्हता. जोशुआची पत्नी हॅना मार्शमन हिनं मुलींच्या शाळा चालवल्या, पण कॉलेज मुलग्यांचंच राहिलं. त्या वेळी ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारंही मुलींना बंदच होती, पण जे लोक जातीच्या बाबतीत एवढं पुढचं पाहू शकले त्यांना इथे पुढचं दिसलं नाही, हेही नोंदवायला हवं.

अधिकार पडून का राहिला

पहिलं कारण पैसा. १८२७ मध्येच, म्हणजे सनद मिळाली त्याच वर्षी, केरी-मार्शमनचं इंग्लंडमधल्या बाप्टिस्ट मिशनरी सोसायटीशी बिनसलं. मालमत्ता कोणाच्या ताब्यात असावी यावरून सुरू झालेला वाद शेवटी फारकतीपर्यंत गेला. पाठोपाठ १८३० ते १८३४ या काळात कलकत्त्यातल्या मोठमोठ्या व्यापारी पेढ्या एकामागून एक बुडाल्या आणि कॉलेजाची ठेव त्यांत अडकली. फोर्ट विल्यममधली प्राध्यापकांची पदं रद्द झाली, तेव्हा केरीचा पगारही आटला.

दुसरं कारण माणसं. वॉर्ड १८२३ मध्ये पटकीनं गेला होता. केरी १८३४ मध्ये गेला, मार्शमन १८३७ मध्ये. त्यांच्यामागे कॉलेजाला उभं धरणारा जॉन मॅक १८४५ मध्ये पटकीलाच बळी पडला. मार्शमनचा मुलगा जॉन क्लार्क मार्शमन याच्या खिशातून कॉलेज काही वर्षं चाललं.

तिसरं कारण वाऱ्याची दिशा. १८३० मध्ये मिशनरी अलेक्झांडर डफनं कलकत्त्यात इंग्रजी माध्यमाची शाळा काढली आणि तिच्यावर उड्या पडल्या. १८३५ मध्ये मेकॉलेचं प्रसिद्ध टिपण आलं आणि सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळला. बंगालीतून रसायनशास्त्र आणि संस्कृतातून तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या कॉलेजाला आता गिऱ्हाईक उरलं नाही. ज्याला कचेरीत नोकरी हवी, त्याला इंग्रजी हवं होतं.

चौथं कारण सगळ्यांत महत्त्वाचं, पण सहसा सांगितलं जात नाही. पदवी ही चलनी नोटेसारखी असते: छापणाऱ्याला अधिकार आहे एवढ्यानं भागत नाही, बाजारानं ती घ्यावी लागते. १८३३ च्या सेरामपूरची पदवी घेऊन तरुणानं जायचं कुठे? ती ओळखणारं सरकार नव्हतं, ओळखणारी दुसरी कॉलेजं नव्हती आणि तिची तुलना करायला देशात दुसरी पदवीच नव्हती. आपणच शिकवायचं, आपणच तपासायचं आणि आपणच पदवी द्यायची, असं करणाऱ्या एकट्या कॉलेजाच्या कागदाला पत कोण देणार? असा कागद वाटला नाही, यात चालकांचं शहाणपण होतं असंही म्हणता येईल.

१८४५ मध्ये डेन्मार्कनं सेरामपूर इंग्रजांना विकलं. त्या तहात कॉलेजाचे सनदेनं मिळालेले हक्क तसेच राहतील, असं कलम घालून घेण्यात आलं. झेंडा उतरला, सनद राहिली. १८५६ मध्ये कॉलेज बाप्टिस्ट मिशनरी सोसायटीकडे गेलं आणि पुढच्याच वर्षी कलकत्ता विद्यापीठ निघाल्यावर या कॉलेजानं त्याची संलग्नता घेतली. स्वतःच्या हाती पदवीचा अधिकार असताना त्यानं आपली मुलं दुसऱ्याच्या परीक्षेला बसवली! १८८३ मध्ये ते वर्गही बंद झाले आणि फक्त उपदेशकांचं प्रशिक्षण तेवढं उरलं.

सरकारनं सोडलेली मोकळी जागा

सनदेला पुन्हा अर्थ आला तो सरकारी विद्यापीठांच्या एका धोरणामुळे. १८५४ च्या वुडच्या खलित्यानं विद्यापीठांचा आराखडा आखून दिला, तेव्हाच धर्मश्रद्धेशी संबंधित विषय परीक्षेत असणार नाहीत, असं ठरलं होतं. मुंबई, कलकत्ता, मद्रास या विद्यापीठांनी ते पाळलं. मुंबई विद्यापीठाची पहिली बी. ए.ची परीक्षा १८६२ मध्ये झाली, तीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर उत्तीर्ण झाले. कायदा, वैद्यक, स्थापत्य यांच्याही पदव्या देशात मिळू लागल्या. ख्रिस्ती धर्मविद्येची पदवी मात्र कुठेच नव्हती. पाळक होणाऱ्या हुशार तरुणाला एकतर बिनपदवीचं प्रशिक्षण घ्यावं लागे, नाहीतर बोटीनं इंग्लंड-अमेरिकेला जावं लागे.

ओरिसात काम केलेले मिशनरी जॉर्ज हॉवेल्स विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सेरामपूरचे प्राचार्य झाले आणि त्यांनी जुनी सनद पुन्हा बाहेर काढली. १९१० पासून पदवीपातळीचं थिऑलॉजीचं शिक्षण सुरू झालं. १९११ मध्ये कला शाखेसाठी कलकत्ता विद्यापीठाची संलग्नता पुन्हा मिळाली. १९१५ मध्ये तिघा विद्यार्थ्यांना बी. डी. म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी ही पदवी देण्यात आली. सनदेखालच्या त्या पहिल्या पदव्या.

या वेळी एक गोष्ट वेगळी झाली होती. बंगळूरचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज १९१० मध्ये अनेक मिशनांनी मिळून काढलं होतं, आणि ते सेरामपूरच्या पदवीसाठी आपले विद्यार्थी द्यायला तयार झालं. म्हणजे परीक्षा घेणारा आणि शिकवणारा हे आता वेगळे होते, आणि दुसऱ्या गावचे, दुसऱ्या पंथांचे लोक त्या परीक्षेवर भरवसा ठेवत होते. १८३३ मध्ये नेमकं हेच नव्हतं.

एका बाप्टिस्ट संस्थेच्या हातातला अधिकार इतर पंथांनी मानायचा, तर त्याची व्यवस्थाही बदलायला हवी होती. बंगालच्या विधिमंडळानं १९१८ मध्ये सेरामपूर कॉलेज कायदा केला. त्यानं काउन्सिल मोठी केली आणि शैक्षणिक कारभारासाठी वेगवेगळ्या पंथांच्या प्रतिनिधींची सिनेट निर्माण केली. डॅनिश राजाची सनद, इंग्रजांशी झालेला तह आणि बंगालचा कायदा असे तीन आधार एका संस्थेखाली आले. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यानं पदव्या देण्याचा हक्क कायद्यानं स्थापन झालेल्या विद्यापीठांपुरता मर्यादित केला, तेव्हा हा १९१८ चा प्रांतिक कायदा कामी आला.

आजची घडी

आज ‘सेरामपूर सिनेट’ हे नाव भारतातल्या कुठल्याही प्रोटेस्टंट किंवा ऑर्थोडॉक्स सेमिनरीत परिचयाचं आहे. ५० हून अधिक कॉलेजं तिला संलग्न आहेत: कोट्टयमची ऑर्थोडॉक्स सेमिनरी, मदुराईची तमिळनाडू थिऑलॉजिकल सेमिनरी, चेन्नईचं गुरुकुल, जबलपूरचं लिओनार्ड, आयझॉल, जोरहाट, शिलाँग इथली कॉलेजं, श्रीलंकेतलं पिळिमतलावचं कॉलेज. महाराष्ट्रात पुण्याच्या बिबवेवाडीतली युनियन बिब्लिकल सेमिनरी यांतलीच. ती पूर्वी यवतमाळला होती, १९८३ मध्ये पुण्याला आली.

कामाची वाटणी सरळ आहे. पदवी देण्याचा कायदेशीर अधिकार काउन्सिलचा. अभ्यासक्रम ठरवणं, कॉलेजांची तपासणी करून संलग्नता देणं, परीक्षा घेणं हे सिनेटचं काम. रजिस्ट्रारची कचेरी सेरामपूरलाच आहे, पण दीक्षान्त समारंभ दर वेळी वेगवेगळ्या गावच्या संलग्न कॉलेजात होतो.

अभ्यासक्रमांची शिडी चढती आहे. खालच्या पायरीवर घरी राहून करता येण्याजोगे अभ्यासक्रम आहेत. नोकरी किंवा संसार सांभाळून धर्माचा पद्धतशीर अभ्यास करू पाहणारे ते घेतात. मग बी. टीएच. म्हणजे बॅचलर ऑफ थिऑलॉजी; प्रादेशिक भाषेतून शिकण्याची सोय मुख्यतः या पायरीवर आहे. केरीचा देशी भाषेचा आग्रह इथे थोडाफार शिल्लक आहे, वरच्या पायऱ्यांवर मात्र इंग्रजीचंच राज्य. बी. डी. ही पाळकांची मुख्य पदवी, पदवीधराला चार वर्षं आणि बारावीनंतर येणाऱ्याला पाच. पुढे दोन वर्षांचं एम. टीएच. आणि त्यानंतर संशोधनाची पदवी.

बी. डी.ला काय शिकवतात? जुना करार, नवा करार, त्यांसाठी हिब्रू आणि ग्रीक भाषांची ओळख, ख्रिस्ती सिद्धान्त, चर्चचा इतिहास, नीतिशास्त्र, मंडळीतलं प्रत्यक्ष काम आणि इतर धर्म. अलीकडच्या दशकांत समाजाचं विश्लेषण, स्त्रीप्रश्न आणि दलित प्रश्न यांची भर पडली. आता विद्यार्थिनीही या पदव्या घेतात आणि शिकवतात. मात्र पदवी मिळाली तरी दीक्षा द्यायची की नाही, हे ज्याचं त्याचं चर्च ठरवतं. काही पंथांत स्त्रियांना पाळकपद मिळतं, काहींत नाही. विद्यापीठाचा हात तिथे पोचत नाही.

या सगळ्यात खरी कसोटी लागते ती प्रश्नपत्रिकेची. बाप्टिस्ट मंडळी जाणत्या वयातला बाप्तिस्माच खरा मानतात. लुथेरन आणि ऑर्थोडॉक्स तान्ह्या मुलांनाही बाप्तिस्मा देतात. शतकानुशतकं यावरून चर्चेस फुटलेली आहेत. आता या तिन्ही पंथांचे विद्यार्थी बाप्तिस्म्यावरच्या एकाच प्रश्नाचं उत्तर लिहितात आणि पेपर तपासणारा चौथ्याच पंथाचा असू शकतो. तिथे ‘बरोबर मत कोणतं’ असं विचारून चालत नाही. प्रत्येक बाजूचा शास्त्राधार काय, इतिहास काय, तर्क कुठे लंगडा पडतो, एवढंच विचारता येतं. परीक्षेच्या या गरजेपोटी विषय शिकवण्याची पद्धतच बदलली. आपल्या पंथाचं मत घोकून घेणाऱ्या सेमिनरीलाही दुसऱ्याची बाजू नीट शिकवणं भाग पडलं, नाहीतर मुलं नापास होतील. एकोप्यावरच्या प्रवचनांनी जे साधलं नसतं, ते सामायिक प्रश्नपत्रिकेनं बऱ्यापैकी साधलं.

जातीच्या कलमाचाही पुढचा प्रवास पाहण्यासारखा आहे. प्रवेशाला जात आड येणार नाही, एवढंच १८३३ चा नियम म्हणत होता. आत आलेल्याला काय शिकवायचं, हा प्रश्न त्यानंतर दीडशे वर्षांनी ऐरणीवर आला. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात धर्मविद्येचे अभ्यासक अरविंद निर्मल यांनी शूद्रांच्या थिऑलॉजीची मांडणी करणारं भाषण केलं. भारतातल्या ख्रिश्चनांत बहुसंख्य दलित कुळांतले असताना त्यांच्या धर्मविद्येत मात्र ब्राह्मणी तत्त्वज्ञानाशीच संवाद चालतो, ही त्यांची तक्रार होती. तीतून ‘दलित थिऑलॉजी’ नावाची शाखा उभी राहिली, चेन्नईच्या गुरुकुलात तिचा स्वतंत्र विभाग निघाला आणि सिनेटच्या अभ्यासक्रमात तिला जागा मिळाली. केरीच्या काळी पंडिताशी वाद घालता यावा म्हणून संस्कृत शिकवलं जात होतं. निर्मल यांनी विचारलं की पंडिताच्याच अंगणात किती दिवस उभं राहायचं? दोन्ही गोष्टी एकाच परंपरेच्या अभ्यासक्रमात घडल्या.

दुसरीकडे, सेरामपूरच्या मूळ आवारात हुगळीकाठच्या जुन्या खांबांच्या इमारतीत कला, विज्ञान, वाणिज्य यांचे वर्गही भरतात. त्या मुलांची पदवी कलकत्ता विद्यापीठाची. त्यांतली बहुसंख्य मुलं ख्रिस्ती नाहीत. एकाच आवारात दोन विद्यापीठांचे विद्यार्थी, एकाच प्राचार्यांच्या हाताखाली. सनदेत विषयांची मर्यादा नव्हती. मनात आणलं असतं तर सेरामपूरला बी. ए., बी. एस्सी.ही स्वतःच देता आलं असतं. त्यांनी ते केलं नाही. जिथे चांगली मान्यताप्राप्त पदवी आधीच होती तिथे दुसऱ्याची घेतली, आणि जिथे कोणीच देत नव्हतं तिथे आपली दिली.

लहान संस्थेनं यातून काय घ्यावं, ते उघड आहे. आज आपल्याकडेही ‘स्वायत्त’ किंवा ‘अभिमत’ दर्जा मिळाला की संस्था दुसऱ्याच दिवशी पाटी रंगवतात आणि नवनव्या पदव्यांच्या जाहिराती देतात. दर्जाचा कागद हाती आला म्हणजे काम झालं, असं समजण्याकडे कल असतो. सेरामपूरकडे देशातल्या कुणाहीपेक्षा जुना कागद होता. त्या कागदाचं विद्यापीठ झालं ते १८२७ मध्ये नव्हे. दूरच्या बंगळूरच्या, वेगळ्या पंथांच्या शिक्षकांनी आपल्या मुलांच्या उत्तरपत्रिका तिथे विश्वासानं पाठवल्या, तेव्हा झालं. अधिकार राजा देऊ शकतो. पत मात्र, आपल्याशी सहमत नसलेल्या माणसानंही आपली परीक्षा न्याय्य मानली, तरच मिळते.